भिजकी वही आणि पुठ्ठ्याचे खोके

तांजोंग पगारचे जुने रेल्वे स्थानक चालू असताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दर्शनी भिंतीवरचे ते चार पांढरे संगमरवरी पुतळे नक्की आठवत असतील. शेती, व्यापार, वाहतूक आणि उद्योग अशा चौघांचे ते पुतळे. १९३२ साली हे स्थानक सुरू झाले आणि ३० जून २०११ च्या रात्री शेवटची गाडी सुटून ते बंद झाले. मलेशियाकडे जाणाऱ्या गाड्या दुसऱ्या दिवसापासून वुडलँड्सहून सुटू लागल्या. इमारत मात्र पाडली नाही, राष्ट्रीय स्मारक म्हणून ती जपली गेली. (सिंगापुरात एखादी जुनी इमारत न पाडणे ही बातमीच असते, हे आपण सगळे जाणतो.)

१९३२ हे अरुण कोलटकरांचेही जन्मवर्ष. १ नोव्हेंबरला कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या इंग्रजी 'जेजुरी'चा शेवटही एका रेल्वे स्थानकावर होतो. तिथला कुत्रा, चहाचा स्टॉल, स्टेशनमास्तर आणि पुढची गाडी केव्हा येणार हे कुणाकडूनच न कळणारा प्रवासी. देवदर्शन करून आलेल्या माणसाला कवीने प्लॅटफॉर्मवर उभे करून ठेवले आहे. पण हा योगायोग सांगण्यासाठी लेख लिहीत नाही. त्या स्थानकामागच्या एका जुन्या एचडीबी ब्लॉकमध्ये गेल्या वर्षी एक पुठ्ठ्याचे खोके माझ्या हाती आले, त्यातून हा विषय सुरू झाला.

तिथे आमचे एक काका राहत होते. १९७९ साली नोकरीनिमित्त आले ते इथलेच झाले. काकू २००८ साली गेल्या. मुलगी मेलबर्नला. वयाची ऐंशी उलटल्यावर काकांनी पुण्याला परत जायचे ठरवले, तेव्हा आम्ही चार-पाच जण बांधाबांधीला गेलो होतो. भांडीकुंडी, देव, फोटो यांची सोय लागली. उरले ते कपाटावरचे खोके. काका म्हणाले, "हे तुझ्या काकूचं. यात वाचण्यासारखं काही असेल तर घेऊन जा, बाकीचं खाली करंगगुनीला देऊ." करंगगुनी म्हणजे आपला रद्दीवाला. हॉर्न वाजवत ब्लॉकखाली येतो, जुने टीव्ही नेतो, वर्तमानपत्रे नेतो, आणि मराठी अक्षरे त्याला वाचता येत नाहीत.

खोक्यात 'सत्यकथा'चे काही अंक होते. प्रासने १९७७ साली काढलेला 'अरुण कोलटकरच्या कविता' होता. क्लिअरिंग हाऊसची १९७६ ची 'जेजुरी' होती आणि तिच्यात समासभर पेन्सिलीच्या खुणा होत्या. तळाशी दोऱ्याने बांधलेला आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा होता, पुण्याच्या एका मैत्रिणीने काकूंना लिहिलेल्या पत्रांचा. घरी येऊन मी ते सगळे जेवणाच्या टेबलावर पसरले. त्याच सुमारास मंडळाच्या स्मरणिकेसाठी कोलटकरांवर काहीतरी लिही असे मला सांगण्यात आले होते, आणि मी त्यांच्या कागदपत्रांविषयी जे मिळेल ते वाचत होतो. हस्तलिखिते, खर्डे, पत्रे यांच्याविषयी. आधुनिक कवीचे कागद जपावेत का, कुणी जपावेत, आणि त्यामुळे कविता वाचण्यात नेमका काय फरक पडतो, हे प्रश्न तोवर मला विद्यापीठातल्या लोकांचे वाटत होते. त्या खोक्याने ते माझ्या टेबलावर आणून ठेवले.

प्रथम 'जेजुरी'चीच गोष्ट. आपल्या हातात आहे ती 'जेजुरी' दुसऱ्यांदा लिहिलेली आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. साठच्या दशकात कोलटकर जेजुरीला गेले आणि त्यांनी ही कविता लिहिली. तिच्यातला एक तुकडा एका छोट्या नियतकालिकात आला. बाकीचे हस्तलिखित संपादकांकडे दिले होते, ते तिथेच गहाळ झाले. कवीने दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती पुन्हा लिहिली. १९७४ साली 'ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली'त ती छापून आली, १९७६ साली पुस्तक झाले आणि १९७७ साली तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. म्हणजे भारतीय इंग्रजी कवितेतल्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाचा पहिला अवतार कुठल्यातरी टेबलाच्या खणात संपला. दुसरा पहिल्यापेक्षा सरस होता की वेगळा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला स्वतःला वाटते की मधल्या वर्षांत कवीचा आवाज अधिक कोरडा, अधिक सावध झाला आणि त्याचा 'जेजुरी'ला फायदाच झाला. पण हा अंदाज आहे. पडताळायला कागद लागतो, आणि तो नाही.

इथे कुणी म्हणेल, पक्की कविता हातात असताना खर्डे कशाला हवेत? स्वयंपाक चांगला झाला असेल तर भाजीची देठे कोण पाहतो? हा आक्षेप पोरकट नाही. मराठी समीक्षेच्या एका मोठ्या परंपरेचाच तो आक्षेप आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांतून कलाकृतीची स्वयंपूर्णता मांडली. 'सौंदर्य आणि साहित्य' हे त्यांचे पुस्तक १९५५ चे. त्यानंतरच्या दोन पिढ्यांनी महाविद्यालयात हेच शिकून घेतले की कविता कागदावर जशी आहे तशी पाहायची, कवीच्या चरित्रात आणि खर्ड्यात डोकवायचे नाही. ही शिस्त चांगली होती. तिने आपल्याला कवितेकडे बघायला शिकवले. पण तिचा एक परिणाम असाही झाला, असे मला वाटते, की आधुनिक कवींच्या कागदांविषयी आपण निश्चिंत राहिलो. संतांच्या पोथ्या शोधायला आपण गावोगाव हिंडलो, पण ज्यांना आपण स्वतः पाहिले, ज्यांच्याशी इराण्याकडे चहा प्यायलो, त्यांच्या वह्या मात्र कुणीतरी ठेवल्या असतील असे गृहीत धरले.

कोलटकरांच्या बाबतीत तर हा आक्षेप लागूच पडत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या कवितेतच आहे. ते दोन भाषांचे कवी होते. दोन भाषांत लिहिणारे पुष्कळ असतात. एका भाषेत कविता आणि दुसरीत लेख, किंवा आधी एक आणि नंतर तिचे भाषांतर. कोलटकरांचे तसे नव्हते. 'इराणी' ही मराठी कविता आणि तिचे इंग्रजी रूप समोरासमोर ठेवले तर कुठली कुणाची सावली हे ठरवताना आपण चाचपडतो. बंबईया हिंदीत लिहिलेली त्यांची एक कविता आहे. तिला त्यांनी स्वतःच इंग्रजीत आणले, 'थ्री कप्स ऑफ टी' या नावाने, आणि तेही अमेरिकन रस्त्यावरच्या इंग्रजीत. छापील पुस्तक ही सगळी ये-जा झाकून टाकते. मराठी पुस्तक मराठी वाचक घेतो, इंग्रजी पुस्तक इंग्रजी वाचक घेतो, आणि दोघांनाही वाटते की आपला कवी पूर्ण आपल्याकडे आहे. 'जेजुरी' हे इंग्रजी पुस्तक असेच सगळे तीन दशके धरून चालले होते. मराठी 'जेजुरी' पुस्तकरूपाने आली ती कवी गेल्यावर, प्रासकडूनच. दोन भाषा एकाच कवीच्या कागदांत शेजारी शेजारी दिसायची शक्यता फक्त त्याच्या खोलीतल्या गठ्ठ्यांत असते.

ही शक्यता किती मोलाची आहे ते 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या पुस्तकात थोडे दिसते. अखेरच्या आजारपणात कोलटकरांनी आपल्या विखुरलेल्या इंग्रजी कवितांचे काम अरविंद कृष्ण मेहरोत्रांवर सोपवले. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात कवीचे निधन झाले आणि २००९ साली प्रासने ते पुस्तक काढले. त्यात सुट्या कविता आहेत, मराठीतून आणलेल्या कविता आहेत, तुकारामाची भाषांतरे आहेत, गाणी आहेत, आणि शेवटी दोन भाषांत लिहिण्याविषयीची कवीची टिपणे आहेत. 'मेकिंग लव्ह टू अ पोएम' असे त्यांचे नाव. ही टिपणे म्हणजे लेख नव्हे. विचार मध्येच तुटतात, पुन्हा सुरू होतात, एकाच गोष्टीकडे चार बाजूंनी जातात. मला ती त्यांच्या कित्येक पक्क्या कवितांइतकी आवडतात. मुलाखतीत फारसे न बोलणारा हा माणूस स्वतःशी किती बोलत होता, ते तिथे कळते. मेहरोत्रांनी ती साफसूफ करून निबंधाच्या रूपात छापली असती तर आपण ते गमावले असते. संपादकाने काय करू नये याचा तो नमुना आहे.

कवीचे कागद त्यांच्या मागे जपले ते अशोक शहाण्यांनी. मराठी वाचकाला हे नाव सांगायला नको. 'असो' काढणारे, प्रास चालवणारे, मराठी साहित्यावर कुणाची भीड न ठेवता लिहिणारे शहाणे. फ्रेंच अभ्यासक लेतिसिया झेक्किनी यांचे कोलटकरांवरचे पुस्तक २०१४ साली आले, आणि अंजली नेर्लेकर यांचे 'बॉम्बे मॉडर्न' २०१६ साली. नेर्लेकरांचे पुस्तक मी दोनदा वाचले. साठोत्तरी मराठी कविता आणि मुंबईतली इंग्रजी कविता यांना त्यांनी एकाच टेबलावर बसवले आहे, जशी ती माणसे खरोखर बसत होती, काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये. कागदाचा आकार, मुखपृष्ठ, अक्षरांची मांडणी, सायक्लोस्टाइलची शाई यांच्याकडे त्या कवितेइतक्याच गांभीर्याने पाहतात. कोलटकर व्यवसायाने जाहिरातीतले चित्रकार होते, जे. जे.चे विद्यार्थी होते, हे लक्षात घेतले तर असेच पाहायला हवे होते. दिलीप चित्रे, कोलटकर आणि रमेश समर्थ यांचे 'शब्द' हे पन्नाशीच्या दशकातले सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक. त्याचा एखादा अंक कुणाच्या घरी मिळाला तर आज तो सोन्याच्या भावाने घ्यावा.

नेर्लेकरांच्याच पुढाकाराने अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखित विभागात मुंबईच्या कवींचा एक संग्रह उभा राहिला. आदिल जस्सावाला यांचे कागद तिथे गेले आहेत. जस्सावाला हे कवी तर आहेतच, पण त्याहून मोठे जपणारे आहेत. क्लिअरिंग हाऊस ही सहकारी प्रकाशन संस्था जस्सावाला, मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघांनी मिळून काढली होती. त्या काळातली कात्रणे, आमंत्रणे, पत्रव्यवहार, हिशेब असले काहीबाही घरात ठेवणारा एक माणूस प्रत्येक मित्रमंडळात असावा लागतो. बाकीचे त्याला हसतात आणि चाळीस वर्षांनी त्याच्याकडेच येतात.

इथे माझ्यासारख्या मराठी माणसाच्या मनात दोन भावना एकदम येतात. एक, बरे झाले. दुसरी, मुंबईचे कागद इथाकाला का? दुसरी भावना मी फार वेळ जोपासू शकत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमावाने घुसून केलेली मोडतोड आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिली आहे. जमिनीवर विखुरलेल्या पोथ्या आणि फुटलेल्या काचा. हे सगळे कोलटकर गेले त्याच वर्षी घडले. वातानुकूलित खोली, आम्लरहित कागदाच्या पेट्या, पेन्सिलीशिवाय दुसरे काही आत न नेऊ देणारा वाचनकक्ष, ही चैन नाही. मुंबईच्या पावसाळ्यात जुन्या कागदाचे काय होते ते दादरच्या कुठल्याही माळ्यावर जाऊन बघावे.

माझी तक्रार वेगळी आहे. असे संग्रह स्वाभाविकपणे इंग्रजीच्या बाजूने भरत जातात. इंग्रजी कवींचे मित्र परदेशी विद्यापीठांना ओळखतात, तिथल्या ग्रंथपालांशी त्यांचा पत्रव्यवहार असतो, अभ्यासकही इंग्रजीतून येतात. मराठी बाजू विखुरलेली राहते. सातारच्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या कपाटात, नागपूरच्या संपादकाच्या नातवाच्या गॅरेजमध्ये, आणि हो, तांजोंग पगारच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. नेर्लेकरांसारखा दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने वाचणारा अभ्यासक हा अपवाद आहे. नियम असा की कोलटकरांचा निम्मा भाग जगाला चांगला दिसतो (२००५ ची न्यूयॉर्कची 'जेजुरी', २०१० चे ब्लडअॅक्सचे समग्र इंग्रजी कवितांचे पुस्तक) आणि दुसरा निम्मा भाग आपण मराठी माणसांनी सांभाळलेला आहे असे जग समजते.

आपण तो कसा सांभाळतो याचा जुना दाखला कोलटकरांच्याच सर्वांत मोठ्या मराठी पुस्तकाच्या नावात आहे. १९७७ च्या संग्रहानंतर सव्वीस वर्षांनी, २००३ साली, 'भिजकी वही' आली. २००५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा घ्यायला कवी नव्हता. 'भिजकी वही' म्हटल्यावर आपल्याला इंद्रायणीत बुडवलेली आणि तरलेली तुकोबांची वही आठवते. पण ते फक्त आख्यायिकेतले नाव नाही. देहूच्या देवळात तुकोबांच्या हातची म्हणून जी वही ठेवली आहे तिलाच भिजकी वही म्हणतात. दिलीप चित्र्यांनी १९९१ च्या 'सेज तुका'च्या प्रस्तावनेत तिच्याविषयी लिहिले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यात सुमारे ७०० अभंग असल्याची नोंद आहे. चित्र्यांच्या काळात उरले होते सुमारे २५०.

ही संख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. इंद्रायणीने तेरा दिवसांत जे केले नाही ते आपण विसाव्या शतकात, देवळात ठेवून, फुले वाहून केले. साडेचारशे अभंगांची पाने कुठे गेली? कुणी प्रसाद म्हणून नेली, कुणी अभ्यासाला नेली, काही झिजली. त्या मानाने १८६९ ते १८७३ या काळात शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी सरकारी मदतीने गाथा छापली, देहूची, पंढरपूरची आणि इतर हस्तलिखिते पडताळून छापली, आणि पुढे वि. ल. भाव्यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून आपली आवृत्ती काढली, म्हणून आपण वाचलो. श्रद्धेने ठेवलेली वही आणि मोजून, नोंदून ठेवलेली वही यांत काय फरक पडतो, तो या दोन आकड्यांत आहे.

आता कोलटकरांच्या पुस्तकाकडे बघा. देशोदेशींच्या रडणाऱ्या बायकांचे ते पुस्तक आहे असे साधारण म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पुस्तकाचा भिजकेपणा अश्रूंचाही आहे. पण त्या बायकांत कोण कोण आहेत? आयसिस आहे, जिने नवऱ्याच्या शरीराचे विखुरलेले तुकडे नाइलच्या काठाने हिंडून गोळा केले. हायपेशिया आहे, अलेक्झांड्रियाची गणिती. तिला जमावाने मारले आणि तिचे स्वतःचे म्हणता येईल असे लिखाण आज हाती नाही. आणि नादेझ्दा आहे, ओसिप मांडेलश्टामची बायको. १९३८ साली तिचा नवरा व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला. त्याच्या कविता कागदावर ठेवणे म्हणजे स्वतःला पकडून देणे होते, म्हणून तिने त्या वर्षानुवर्षे तोंडपाठ ठेवल्या. गोळा करणारी, गमावलेली आणि पाठ करणारी. या तिघींना शेजारी ठेवणारा कवी फक्त दुःखाविषयी लिहीत नाही, असे मला वाटते. लिहिलेले कसे टिकते, कुणाच्या जिवावर टिकते, हाही या पुस्तकाचा विषय आहे. या बाजूने 'भिजकी वही' वाचली की तिचे नाव अलंकार राहत नाही.

पुस्तकाचे सगळेच भाग मला सारखे पेलले आहेत असे वाटत नाही. काही ठिकाणी कवीचे वाचन कवितेच्या पुढे धावते, संदर्भांचे ओझे होते, आणि वाचकाने विश्वकोश उघडून बसावे अशी अपेक्षा दिसते. तिथेच मला त्यांच्या वह्या बघाव्याशा वाटतात. इतकी माणसे, इतके देश, इतके काळ हा माणूस मुंबईत बसून कशातून उभे करत होता? टिपणातून कविता होताना काय गळाले आणि काय राहायला नको होते ते राहिले? हे कुतूहल भोचकपणाचे नाही. कवितेतल्या नेमक्या उणिवेपाशी ते सुरू होते.

मांडेलश्टामचे कागद शेवटी कुठे गेले? १९७६ साली नादेझ्दाने ते अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाला दिले. 'जेजुरी' निघाली त्याच वर्षी.

पत्रांची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि तिथे मी जरा जपूनच बोलतो. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, शब्द मात्र लिहिणाऱ्याचेच राहतात. कायदाही असेच म्हणतो आणि सभ्यताही. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई यांचा पत्रव्यवहार आपण सगळ्यांनी आवडीने वाचला. पण तो दोन पुस्तकांत आहे. जीएंची पत्रे त्यांच्या निवडक पत्रांच्या पहिल्या खंडात, सुनीताबाईंची 'प्रिय जी. ए.'मध्ये. दोन्ही उघडी ठेवून, तारखा लावून वाचली तरच ते संभाषण होते. नाहीतर एका टोकाला कान लावून दुसऱ्याचा फोन ऐकल्यासारखे. आणि हे दोघे जपणारे होते म्हणून दोन टोके तरी उरली. बहिणाबाईंच्या बाबतीत तर त्यांच्या हातचा कागद असण्याचाच प्रश्न नव्हता. त्यांना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ओव्या उतरवून घेतल्या नसत्या, आणि अत्र्यांच्या हातात ती वही पडली नसती, तर १९५२ चे ते पुस्तक निघाले नसते, आणि १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाईंबरोबरच सगळे संपले असते.

आता माझ्या टेबलावरच्या 'जेजुरी'कडे येतो. काकूंचे माहेर सासवडचे. म्हणजे जेजुरी शेजारचीच, लहानपणापासून पायाखालची. १९७६ च्या त्या पुस्तकात त्यांनी बऱ्याच ठिकाणी खुणा केल्या आहेत. एके ठिकाणी पायऱ्यांचा हिशेब केला आहे, एके ठिकाणी नुसते "हो, असंच" लिहिले आहे, एके ठिकाणी "हे बरं नाही" असे लिहून खाली रेघ मारली आहे. (ती कविता पुजाऱ्याविषयीची आहे.) सर्वांत दाट लिखाण आहे ते म्हातारीच्या कवितेपाशी. वाचलेल्यांना आठवेल, यात्रेकरूच्या मागे लागून, बाही धरून पन्नास पैसे मागणारी ती म्हातारी. सबंध कवितेत ती एकच वाक्य बोलते. बाकी सगळे तिच्याकडे बघताना बघणाऱ्याचे काय होते, याचे आहे.

काकूंनी ते एक वाक्य मराठीत करून पाहिले आहे. तीनदा. पहिले प्रमाण मराठीत, पुस्तकी, आणि त्यावर काट. दुसऱ्यात शब्द सासवडकडचे झाले, पण वाक्य लांबले, त्यावरही काट. तिसऱ्यात दोनच शब्द बदलले आहेत, आणि क्रियापद शेवटून उचलून मध्ये आणले आहे. तिसऱ्यावर काट नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे, "ती असंच म्हणाली असणार."

ही कविता मी वीस वर्षे वाचत होतो. ती मला बघणाऱ्याची कविता वाटत होती. शहरी माणूस, त्याची चीड, मग त्याला बसलेला धक्का. काकूंच्या तीन ओळींनी माझे लक्ष पहिल्यांदा त्या वाक्यावर नेले. इंग्रजीत ते वाक्य थोडे अडखळते, आणि त्याचे कारण असे की ते इंग्रजीत बोललेलेच नाही. कवीने ते मराठीत ऐकले आणि मराठीचा लहेजा पुसून न टाकता इंग्रजीत ठेवले. त्या एका वाक्यापुरती कविता म्हातारीच्या हातात जाते आणि मग यात्रेकरू छोटा होतो. कोलटकरांच्या दोन भाषांविषयी मी वर जे लांबलचक लिहिले ते सगळे काकूंनी पेन्सिलीने तीन ओळींत करून ठेवले होते. मराठी 'जेजुरी' निघाली तेव्हा त्या नव्हत्या. कवीने स्वतः काय केले ते त्यांनी नक्की ताडून पाहिले असते, आणि बहुधा वादही घातला असता.

मेलबर्नला मुलीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, आईचं अक्षर असलेलं काहीच टाकू नका हं. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचते." तेव्हा 'जेजुरी'चे प्रत्येक पान आधी स्कॅन केले आणि मग पुस्तक रजिस्टर्ड पोस्टाने तिला पाठवले. 'सत्यकथा'चे अंक आणि १९७७ चा संग्रह काकांच्या परवानगीने माझ्याकडे आहेत. कुणाला बघायचे असतील तर घरी यावे. चहा मिळेल, अंक बाहेर नेता येणार नाहीत.

पत्रांचा गठ्ठा मी उघडला नव्हता. लिहिणाऱ्या बाई पुण्यात आहेत असे काकांकडून कळले, म्हणून त्यांनाच विचारले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आवाज खणखणीत. पत्रांत कविताच जास्त असतील, घरचे कमी, असे त्या हसत म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तिची पत्रं माझ्याकडे सगळी आहेत. एकशे चार. मोजून ठेवली आहेत. तुमच्याकडे माझी किती निघाली?"

मी मोजली नव्हती. त्या रात्री मोजली. सत्त्याऐंशी.

काका गेले त्या दिवशी आम्ही विमानतळावर पोचवायला गेलो होतो. मोठ्या बॅगेत जागा होती, मी गठ्ठा त्यात ठेवू लागलो. काका म्हणाले, "सामानात नको. दे इकडे." आणि त्यांनी तो हातातल्या पिशवीत, औषधांच्या डब्याशेजारी ठेवला.